मंग केवायसी कोन करन?

माझी पहिलीच स्लाइड होती : ‘ओटीपी कोणालाही, कधीही, कोणत्याही कारणासाठी सांगू नका.’ लाल अक्षरांत, खाली कुलपाचं चित्र. मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात साठ-सत्तर माणसं बसली होती. पुढे बाया, मागे गडीमाणसं, खांबांना टेकून म्हातारे. मी ते ठासून वाचलं आणि जरा थांबले, म्हटलं मुरू द्यावं. पहिल्या ओळीतल्या एका काकूंनी नातवाला या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं आणि विचारलं, “मंग लाडक्या बहिणीची केवायसी कोन करन वं? सेवा केंद्रातल्या पोट्ट्याले ओटीपी सांगाच लागते ना.”

मागून एकानं भर घातली, “पीएम किसानले सांगा लागते, पीक विम्याले सांगा लागते, शेतकरी आयडीले सांगा लागते. अन् तुमी म्हन्ता कोनालेच नोका सांगू.”

सभामंडप हसला. अठरा वर्षं मोबाइल अ‍ॅपच्या सुरक्षा तपासणीत घालवलेल्या माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेवढ्यात लाइन गेली, प्रोजेक्टर विझला, आणि माझी अब्रू वाचली.

हे सगळं सुरू झालं शाळेतल्या जुन्या पोरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या शाळेतून दहावी होऊन बाहेर पडलेले आम्ही पाच जण या धंद्यात आहोत. मी पुण्यात, दोघं नागपूरला, एक हैदराबादला, एक बंगळुरूला बँकांचे सर्व्हर सांभाळतो. ग्रुपवर कोणीतरी लिहिलं की त्याच्या मामानं गाडीच्या चलनाचा म्हणून आलेला फोटो उघडला, तो फोटो नव्हता, आणि खातं साफ झालं. मग दोन दिवस ‘गावासाठी काहीतरी केलं पाहिजे’ चाललं. असल्या वाक्यांचं पुढे सहसा काही होत नाही. या वेळी झालं, कारण ग्रुपमधला एक जण तालुक्याच्या कॉलेजात प्राध्यापक आहे आणि राष्ट्रीय सेवा योजनेचं काम त्याच्याकडे आहे. तो म्हणाला, “डिसेंबरात सात दिवसांचं निवासी शिबिर आहे. सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक. बौद्धिक तुम्ही घ्या. पण पोरांना सोबत घ्या, नुसती भाषणं नकोत.” शेवटचं वाक्य आम्ही नीट ऐकलं नाही, हे पुढे कळलं.

शिबिरातली चौदा पोरंपोरी आमच्याकडे आली. बहुतेक बीसीए आणि बीएस्सीची, दोघं बीएचे, एक पोरगी कृषी पदविका करून आता बीएस्सीला. नोव्हेंबरभर दर रविवारी आम्ही ऑनलाइन भेटलो. तो वेचणीचा हंगाम. एक पोरगी धुऱ्यावरूनच मीटिंगला बसायची, कमरेला कापसाची ओटी तशीच बांधलेली. आम्ही त्यांना पासवर्ड मॅनेजर शिकवला, दुहेरी पडताळणी शिकवली, सार्वजनिक वायफायचे धोके सांगितले. (आमच्या गावात सार्वजनिक वायफाय नाही. खाजगीही दोनच घरी आहे.) पोरं सगळ्याला “हो ताई” म्हणत होती. मला वाटलं, समजतंय. विदर्भात पाहुण्याच्या ताटातली भाजी खारट झाली तरी पाहुणा “चांगली झाली” म्हणतो, त्यातलं ते “हो ताई” होतं.

तर पहिल्या संध्याकाळी माझी फजिती झाली. शिबिराचा मुक्काम जिल्हा परिषदेच्या शाळेत होता. रात्री भाकरी-भरीत झाल्यावर चौथीच्या वर्गात सगळे गोल बसलो. थंडी मरणाची. मी विचारलं, “त्या काकू बरोबर बोलल्या ना?” कोणी बोलेना. मग बीसीएच्या दुसऱ्या वर्षाची एक चष्मेवाली पोरगी म्हणाली, “ताई, खरं सांगू काय? आमच्या गल्लीतले बारा फोन मीच पाहते. त्यातला एकबी फोन एका माणसाचा नाही.”

मग तिनं सांगितलं ते मी वहीत उतरवून घेतलं. बँकेला जोडलेला नंबर आईचा, पण ते सिम भावाच्या फोनात, कारण आईचा फोन फुटला. आधारला वडिलांचा जुना नंबर, तो बंद झालेला. संध्याकाळी फोन लहान्याच्या हातात, कार्टून बघायला. फोनला कुलूप नाही, कारण रात्री-बेरात्री कोणाला साप चावला तर उघडायचा कसा? आणि जिथं कुलूप आहे तिथं पॅटर्न इंग्रजी झेड, तो घरच्यांनाच काय, शेजारच्यांनाही माहीत. एटीएमचा पिन कव्हरच्या आत चिठ्ठीवर. “अन् ओटीपी तर दर आठवड्याले कोनाले ना कोनाले सांगाच लागते. तुमी ‘कोनालेच नाही’ म्हटलं का लोक म्हन्तात, हे शहरातलं हाय, आपल्यासाठी नाही. अन् मंग बाकीचंबी ऐकत नाहीत.”

आमच्यातल्या हैदराबादवाल्याची दुसऱ्या दिवशीची स्लाइड होती आधारचं बायोमेट्रिक लॉक करण्याची. सल्ला चांगला आहे. बँक मित्राकडे, म्हणजे गावात बँकेचे व्यवहार करून देणाऱ्याकडे, अंगठा लावून पैसे निघतात, अंगठ्याचा ठसा चोरून तसेच पैसे काढल्याची प्रकरणं देशभर झाली आहेत. लॉक केलं की अंगठा चालतच नाही. पोरांतल्या एकानं शांतपणे विचारलं, “मंग रेशनच्या मशीनवर काय लावाचं?” हैदराबादवाला गप्प झाला. मग पोरांनीच वाट काढली. रेशनला कार्डावरच्या कोणाही एकाचा अंगठा चालतो. तेव्हा घरातला एक अंगठा मोकळा ठेवायचा, बाकीचे लॉक. पण जी म्हातारी एकटी आहे आणि निराधारचे पैसे अंगठ्यावर काढते, तिला हे सांगायचंच नाही. तिला सांगायचं ते वेगळं : पैसे काढल्यावर पावती मागायची, आणि मशीन म्हणालं ‘झालं नाही, पुन्हा लावा’, तर खात्यातली शिल्लक पाहिल्याशिवाय पुन्हा अंगठा लावायचा नाही.

ओटीपीवर रात्री एकपर्यंत भांडलो. मी म्हटलं, “मेसेज वाचून मगच आकडा सांगा.” पोरं म्हणाली, मेसेज इंग्रजीत येतो. खरंच की. अठरा वर्षांत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, कारण मला तो इंग्रजीत वाटतच नाही. शेवटी दोन गोष्टी ठरल्या. पहिली : आपण ज्याच्या दारात गेलो, त्याला ओटीपी सांगायचा, फोन करून जो आपल्या दारात आला, त्याला नाही. मग तो बँकेचा साहेब म्हणो की पोलीस. दुसरी : आकडा सांगण्याआधी मेसेजात ‘आर’ आणि ‘एस’ ही दोन अक्षरं शोधायची. रुपयांची रक्कम दिसली की तोंड बंद. इंग्रजी न येणाऱ्यालाही दोन अक्षरं ओळखता येतात, ती दुकानाच्या बिलावर असतात.

हे पक्कं नाही, असं बंगळुरूवाला म्हणत राहिला, आणि त्याचं बरोबर होतं. दुसऱ्याच्या फोनवर आपलं व्हॉट्सअ‍ॅप चालू करणारा कोड येतो त्यात रुपये नसतात. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपच्या कोडासाठी वेगळं सांगायचं ठरलं : तो कोड खुद्द पोटच्या पोराला सुद्धा नाही, आणि त्याला वरून सहा आकड्यांचा आपला पिन लावायचा. यूपीआयचा पिन तर सेवा केंद्रातही सांगायचा नाही, आणि तो पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच नाही. मला अजूनही वाटतं की यात फटी आहेत. पण माझ्या लाल स्लाइडीत फट नव्हती आणि ती कोणीच पाळणार नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून प्रोजेक्टर बांधून ठेवला. शाळेच्या व्हरांड्यात पाच बाक मांडले. बाकावर दोन-तीन विद्यार्थी, मागे खुर्चीवर आमच्यातला एक. बोलणार विद्यार्थी, अडलं तर मागे वळून विचारणार. आणि एक नियम, तोही चष्मेवालीचा : समोरच्याचा फोन आपल्या हातात घ्यायचा नाही. बोट त्याचं, फोन त्याचा, आपण फक्त सांगायचं. वेळ चौपट लागतो. मला दहा सेकंदांत जमणारी गोष्ट एका काकांना अकरा मिनिटांत जमली आणि मी मागे बसून हात मांडीखाली दाबून ठेवले होते. पण ते काका संध्याकाळी बायकोला घेऊन आले आणि तिच्या फोनवर स्वतः करून दाखवलं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो एकाच जागी. सेटिंग्जमध्ये ‘इन्स्टॉल अननोन अ‍ॅप्स’ नावाचं पान असतं. प्ले स्टोअर सोडून बाहेरून आलेलं अ‍ॅप कोणाच्या हातून आत येऊ शकतं, त्याची यादी तिथं असते. व्हॉट्सअ‍ॅप, क्रोम, फाइल मॅनेजर, एकेकासमोर बटण. बहुतेक फोनांत निदान एक तरी चालू निघालं. ते का बंद करायचं, हे मला मराठीत सांगता येत नव्हतं. मी ‘मालवेअर’ म्हणायचे, समोरचा मान डोलवायचा. शेजारच्या बाकावर कृषी पदविकावाली पोरगी सांगत होती :

“काका, कपाशीवरची डोमकळी पाह्यली ना? फूल उमलत नाही, गुलाबाच्या कळीवानी मिटून राह्यते. वरून पाह्यलं तर फूलच हाय. आत गुलाबी अळी. तसं हे अ‍ॅप. वरून लिहिलं हाय पीएम किसान, आत अळी बसली. अन् तो मेसेज म्हनजे कामगंध सापळा. फरक एवढाच का वावरात सापळा आपन लावतो अन् पतंग फसते. इथी पतंग आपन हाव.”

काकांनी तिच्याकडे आणि फोनकडे पाहिलं आणि स्वतःच्या बोटानं सगळी बटणं बंद केली. संध्याकाळपर्यंत पाचही बाकांवर डोमकळी सुरू झाली होती. एका आजोबांनी तर “मी फवारनी करून घ्याले आलो” म्हणूनच फोन पुढे केला.

माझ्यामुळे एक घोळही झाला, तो सांगितलाच पाहिजे. फोन चोरीला गेला तर चोर त्यातलं सिम काढून दुसऱ्या फोनात घालतो आणि सगळे ओटीपी त्याच्याकडे जातात. म्हणून सिमलाच पिन लावायचा, असं मी पोरांना सांगितलं होतं. कंपनीचा मूळ पिन टाकायचा, मग बदलायचा. मूळ पिन कंपनीगणिक वेगळा असतो, हे सांगायचं राहिलं. एका पोरानं एका वहिनींच्या फोनवर १२३४ टाकायला लावलं. चुकलं. मग ००००. चुकलं. मग अंदाजानं तिसरा. सिम बंद. आता बंद सिम उघडायचा आठ आकडी पीयूके कोड लागणार, तो कंपनीच्या ग्राहक सेवेकडून घ्यायचा, आणि ते विचारणार सिम कोणाच्या नावावर आहे. सिम होतं यवतमाळला राहणाऱ्या दिरांच्या नावावर, आणि ते फोन उचलत नव्हते. त्याच दुपारी गॅसची गाडी आली. सिलिंडर घ्यायला डिलिव्हरीचा कोड सांगावा लागतो, तो त्या बंद सिमवर. गाडी पुढच्या गावाला निघून गेली. वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांच्या सासूबाई मात्र बोलल्या, आणि तीन दिवस बोलत होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी पीयूके मिळाला. त्या घरी मी सिलिंडर येईपर्यंत शिबिराच्या स्वयंपाकघरातून डबा पोचवला. सिमचा पिन आम्ही बाकावरून काढून टाकला. त्याऐवजी *#०६# दाबून येणारा आयएमईआय (फोनचा स्वतःचा ओळख) नंबर घरातल्या कॅलेंडरमागे लिहून ठेवायला सांगू लागलो, म्हणजे फोन हरवला तर संचार साथीच्या सरकारी साइटवर तो बंद करता येतो.

सेवा केंद्रवाला पोरगा तिसऱ्या दिवशी सकाळी तावातावानं आला. “ताई, तुमी माह्या धंद्यावर उठल्या काय? लोक आता मले विचारतात, ओटीपी कायले पाह्यजे?” त्याला चहा दिला. तो पोरगा गावात सगळ्यांत जास्त ओटीपी हाताळतो, आणि आम्ही आमच्या योजनेत त्याला कुठंच धरलं नव्हतं. चष्मेवालीनं त्याला सरळ सांगितलं, “तुह्यावर कोनाचा संशय नाही. पन लोकायले दिसू तर दे, तू काय भरतो ते.” त्यानं दुपारी दुकानातला मॉनिटर फिरवला. आधी पडद्याची पाठ गिऱ्हाइकाकडे असायची, आता दोघांनाही दिसतो. चार महिने महागड्या कंपनीच्या मीटिंगांत घासून मला एवढा बदल करवून घेता आला नसता.

त्याच संध्याकाळी एक काका आले. वय साठीच्या आसपास, खांद्यावर दुपट्टा. म्हणाले, “फोन गरम होते. अन् बँकेचे मेसेज येनंच बंद झालं.” दुसरं वाक्य ऐकून मी खुर्ची पुढे ओढली. गावच्या ग्रुपवर ओळखीच्याच नंबरावरून ‘पीएम किसान’ नावाची फाइल आली होती, शेवटी एपीके, म्हणजे उघडली की अ‍ॅपच बसतं. दोन हजारांचा हप्ता अडकलाय म्हणून त्यांनी उघडली. तिनं एसएमएस वाचायची परवानगी मागितली, त्यांनी दिली. मेसेज येणं बंद झालं नव्हतं. येत होते, पण ते अ‍ॅप गिळत होतं आणि पुढे पाठवत होतं.

इथं मात्र मी पोरांना बाजूला सारणार होते. चष्मेवालीनं हात आडवा केला. “आमी करतो. तुमी क्रम सांगा.”

फोन फ्लाइट मोडवर. सिम काढून एका साध्या बटणाच्या फोनात. त्यावरून बँकेला फोन करून खातं गोठवलं. शिल्लक विचारली, तेव्हा कळलं की आदल्या दिवशी दोनदा मिळून १९,५०० रुपये गेले होते. काका खाली जमिनीकडे बघत होते. बीएच्या पोरानं तोवर स्वतःच्या फोनवरून १९३० हा ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावला होता. तिकडून खाते क्रमांक, वेळ, रक्कम आणि व्यवहाराचा बारा आकडी नंबर विचारतात; तो नंबर बँकेकडून आधीच मागून घ्यायला त्याला मी सांगितलं होतं. हे जितक्या लवकर होईल तितकं बरं, कारण पैसे एका खात्यात थांबत नाहीत, पुढे पुढे सरकतात, आणि जिथं सापडतील तिथंच अडवता येतात.

मग फोन. अ‍ॅपच्या पानावर अनइन्स्टॉलचं बटण फिकट पडलेलं, दाबलं तर दबत नाही. त्याला दिलेला जादा अधिकार काढायला सेटिंग्ज उघडलं की पान आपोआप मिटायचं. पोरांनी हे पहिल्यांदा पाहिलं. एक जण हळूच म्हणाला, “आत कोनी बसलं हाय.” अ‍ॅक्सेसिबिलिटीचा अधिकार मिळालेलं अ‍ॅप आपल्या वतीनं बोटं मारू शकतं, तेच ते करत होतं. फोन सेफ मोडमध्ये चालू केला. तिथं बाहेरची अ‍ॅप्स चालत नाहीत. तेव्हा कुठं अधिकार काढता आला, बटण गडद झालं, आणि काकांनीच ते दाबलं. तरी मी म्हटलं, या फोनावर आता भरवसा नाही, सगळा पुसून नव्यानं चालू करा. लेकीच्या लग्नाचे फोटो होते. ते एका लॅपटॉपवर उतरवून घेतले, दुसरं काहीही नाही, आणि फोन कोरा केला.

सगळं उरकेपर्यंत रात्रीचे साडेनऊ झाले. पोरांची जेवणं राहिली होती. काका उठले, दाराशी गेले, परत आले आणि विचारलं, “ज्यानं मले पाठवलं त्याचाबी फोन पाहा लागन ना?” आम्ही तो विसरलोच होतो. त्या रात्री तेच अ‍ॅप बसलेले आणखी तीन फोन सापडले.

जाता जाता पोरांनी आम्हा पाचांचे फोन तपासले. माझ्या फोनात फाइल मॅनेजरचं ते बटण चालू निघालं. कामासाठी लागतं, असं मी म्हटलं. “सगळे हेच म्हन्तात ताई,” कृषीवाली म्हणाली आणि मी बंद करेपर्यंत उभी राहिली.

काकांच्या १९,५०० पैकी ७,००० एका खात्यात अडवले गेलेत. अजून हातात आले नाहीत. बाकीचे गेले. चष्मेवालीनं एक वही केली आहे, त्यात अशा तक्रारींचे नंबर आणि तारखा आहेत, आणि ती दर पंधरा दिवसांनी पाठपुरावा करते. काकांनी स्मार्टफोन नातवाला दिला. ते आता बटणाचाच फोन वापरतात.

पण सीसीआयला, म्हणजे सरकारच्या कापूस महामंडळाला, कापूस द्यायचा म्हणजे आता ‘कपास किसान’ अ‍ॅपवर स्लॉट घ्यावा लागतो. २०२५-२६ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ८,११० होता, तो सोडून व्यापाऱ्याला कोण देणार? जानेवारीत मी गावी गेले तेव्हा चष्मेवालीच्याच घरी बसले होते. काका आले. तिनं आपल्या फोनावर त्या अ‍ॅपमध्ये त्यांचा नंबर टाकला. त्यांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी तो डोळ्यांपासून हातभर लांब धरला आणि पहिल्या अक्षरापासून बोट फिरवायला सुरुवात केली. “आर… नाही, हा पी हाय… एन…” ती घाई करत नव्हती. ओटीपीची मुदत संपली. तिनं पुन्हा पाठवला. त्यांनी पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरू केलं.